सुलतानाचा पिसारा

मिलिसावला मोराची हौस कधीच नव्हती. त्याला फक्त मेहुण्याची जिरवायची होती.

मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा, देसांकाचा, धाकटा भाऊ वितोमिर. ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला मिलिसावच्या घराण्याची स्लावा असे, म्हणजे घराची राखण करणाऱ्या देवमातेचा सण. स्लावेला कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं, आणि तरी येणारा चुकत नाही. वितोमिर तर सकाळीच हजर. चौघांचं जेवायचा आणि वर बोलायचा. "दाजी, डुक्कर चविष्ट आहे हो. उपासमारीनं गेलं का?" बारा वर्षं पंगत हसत होती आणि बारा वर्षं मिलिसाव (तोंडात मारल्यासारखा) वाढत होता.

म्हणून एप्रिलमध्ये त्याने मोर आणला. विकणाऱ्याने बजावलं होतं, "दोन महिने कोंबड्यांबरोबर कोंडून ठेवा, हातानं भरवा. घर ओळखीचं झालं की उडून जात नाही."

"अहो, हा अंडी देणार?" देसांकाने विचारलं.

"नाही."

"मग कापायचाय?"

"देसांका!"

"मग करणार काय हा?"

"दिसणार."

"दिसायला घरात तुम्ही आहात की."

मोराचं नाव ठेवलं सुलतान, आणि नावाप्रमाणे त्याने आठवड्यात राज्य घेतलं. खुराड्यातली सर्वांत उंच दांडी त्याची. कोंबडा आरवायचा बंद झाला, कोंबड्यांनी अंडी आखडली. पिसारा मात्र सुलतान फक्त एका म्हाताऱ्या टर्कीच्या मादीपुढे फुलवायचा, आणि ती त्याच्याकडे पाठ करून मका टिपत बसायची. (लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या मिलिसावला ती अवस्था लगेच ओळखू आली.)

जूनमध्ये त्याला पहिल्यांदा मोकळा सोडला. तो धुराड्यावर जाऊन बसला आणि असा किंचाळला की शेजारचा ओब्राद गवत उचलायचा लोखंडी काटा घेऊन कुंपणावरून आत आला.

"मिलिसाव, सोड तिला!"

"कुणाला?"

"देसांकाला! अख्खं गाव ऐकतंय!"

"मी इथं आहे, ओब्रादभाऊ," देसांका स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

ओब्रादने काटा खाली घेतला. तो जरा हिरमुसलेलाच दिसला.

माणसाळवायचं काम पुढे सुरू झालं. गव्हाला सुलतान बधला नाही. देसांकाने पिठाच्या पातळ थरांत चीज घालून भाजलेल्या पाटोळ्याला मात्र तो लगेच भुलला. जुलैपर्यंत मिलिसाव अंगणातल्या टेबलाशी बसला की सुलतान टेबलावर चढून त्याच्याच ताटातून खायला लागला. मिलिसावला भरून आलं. घरात कुणीतरी त्याचं ऐकत होतं. त्याने मेहुण्याला फोन लावला. "या वर्षी ये तू. मग बोलू."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अंगणात एक पीस पडलं. दुसऱ्या दिवशी तीन, मग अकरा. मिलिसाव धावत गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"मरतो का हो?"

"छे! पिसारा गळतोय. दर ऑगस्टात गळतो. फेब्रुवारीपर्यंत परत येईल."

"पण आमची स्लावा अठ्ठावीसला आहे!"

"मोराला कळवलं होतं का तसं?"

मिलिसाव हरणारा गडी नव्हता (म्हणजे होता, पण कबूल करणारा नव्हता). त्याने सगळी पिसं वेचली, पुठ्ठ्यावर शिवली आणि पुठ्ठा आपली पँट खांद्यावरून तोलून धरणाऱ्या गॅलसला जोडला.

"अहो, देवमातेच्या सणाला खोटी शेपटी?"

"खोटी कशी? त्याचीच तर आहे!"

स्लावेच्या दिवशी अंगणात टेबलं मांडली होती. मधोमध सणाची मेणबत्ती. ती यजमानानेच शेवटी वाइनने विझवायची, आधी विझली तर घराण्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. पाद्रीबाबांची प्रार्थना आटोपली आणि मिलिसावने खुराड्याचं दार उघडलं.

सुलतान छातीवर गॅलस मिरवत, निवृत्त स्टेशनमास्तरासारखा बाहेर आला. मागे भलामोठा पिसारा फरफटत होता. पंगतीच्या माना वळल्या. वितोमिरचा काटा तोंडाशी थांबला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला वाक्य सुचत नव्हतं. ते सुख मिलिसावने मोजून चार श्वास उपभोगलं.

चार महिने मान खाली घालून बसलेल्या कोंबड्याने तेवढ्यात उडी मारली आणि दोन्ही पाय पिसाऱ्यावर रोवले. सुलतान पुढे चालला, पिसारा जागीच राहिला. मागची बाजू उघडी पडलेला सुलतान किंचाळत उडाला आणि घाबरलेलं पोर आईकडे धावावं तसा पाटोळ्याच्या टेबलावर उतरला. पंखांच्या दोन फडफडाटांत मेणबत्ती विझली. एका म्हाताऱ्या आत्याने छातीवर क्रूसाची खूण केली. सुलतानाने पाटोळ्यात चोच घातली.

पाद्रीबाबांनी मेणबत्ती पुन्हा पेटवली. वितोमिर उठला, गवतातला पिसारा उचलला, उलटून पाहिला आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, "दाजी, मग तुमची पँट आज कशावर आहे?"

कमरेला बांधलेल्या दोरीवर होती. आणि ती दोरी मिलिसाव दोन्ही हातांनी धरून उभा आहे, हे तेव्हा सगळ्यांनाच दिसलं. आत्यासुद्धा हसली. मिलिसाव आत जाऊन पिठाच्या डब्यावर बसला. त्याला खरंच रडू येत होतं.

फेब्रुवारीत पिसारा परत आला. पहिल्यापेक्षा दाट, आणि हातभर जास्त लांब. मे महिन्यात एका सकाळी सुलतानाने तो अंगणभर फुलवला आणि मिलिसावने श्वास न घेता मेहुण्याला फोन केला. "आत्ताच्या आत्ता ये!"

वितोमिर आला. बराच वेळ समोर उभा राहिला, मग मागे गेला, गुडघ्यावर बसला, पिसाऱ्याच्या मुळाशी फुंकर मारून निरखून पाहिलं. उठला आणि त्याने मिलिसावच्या खांद्यावर मनापासून हात ठेवला.

"मानलं तुम्हाला, दाजी. या खेपेला गॅलस कुठं लपवलाय तेच कळत नाही."