ज्येष्ठेच्या गळ्यातली मेडलं

"आठ दिवस, मामी! आठ दिवसांत मामाजीची मेडलं रेकॉर्डवर नाई चढवली, तर माहं नाव बदलून टाका!"

प्रफुल्लने सासूबाईंपुढे ही घोषणा केली ती सासुरवाडीत, भरल्या ताटावर बसून. प्लांटच्या रेल मिलमध्ये नोकरी, युनियनमध्ये ऊठबस, आणि भिलाईपासून दुर्गपर्यंत एकूण एक ऑफिसात आपली 'सेटिंग' आहे असा दांडगा विश्वास! बायको जया वाढता वाढता एवढंच म्हणाली, "आवो, आधी भाजी घ्या." नवऱ्यावर तिचा जीव होता, त्याच्या सेटिंगवर नव्हता.

प्रकरण मात्र खरंच जिवाला लागण्यासारखं होतं. मामाजी म्हणजे सासरे, रामाजी भोयर, एकाहत्तरची लढाई लढलेले. नंतर प्लांटच्या गेटवर सिक्युरिटीत नोकरी केली आणि आता भिलाईलगतच्या मरोद्यात घर करून राहत होते. लढाईनंतर पलटणीत मेडलांच्या नोंदी झाल्या तेव्हा हे मलेरियाने दवाखान्यात कुडकुडत पडलेले. मेडलं मागाहून हातात पडली, नोंद मात्र राहून गेली ती कायमची. इतकी वर्षं त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही.

पण यंदाच्या पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांच्या मंडळाने रेकॉर्ड बघून प्रत्येकाचं नाव मेडलांसकट माइकवर वाचलं. रामाजींचं नाव आलं आणि नुसतंच निघून गेलं! शेजारचा बळीराम, तोही जुना फौजी, सगळ्यांदेखत हसला. "कावून गा रामाजी, लढाईत व्हता का मांग राहून आलू सोलत व्हता?"

त्या दिवसापासून रामाजी मंडळात गेले नाहीत. संध्याकाळचं फिरणं बंद. अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि फाटकाशी कोणी दिसलं की उठून आत जायचे. प्रफुल्लला ते बघवेना. माणूस बढाईखोर खरा, पण मनाने चांगला.

दुर्गच्या सैनिक कल्याण ऑफिसात मात्र सेटिंग काही चालली नाही. तिथे होते सुशील साहेब, रिटायर्ड कॅप्टन. आवाज असा की बाहेरचा चहावालाही टाचा जुळवून कप धुवायचा!

"कागज़ सब ठीक हैं," साहेब म्हणाले. "लेकिन मेडल पर खुदा हुआ नंबर मैं अपनी आँख से देखूँगा, तभी साइन करूँगा. कल शाम को फ़ाइल जाएगी. कल नहीं, तो अगले साल!"

"शाम क्या साहब, सुबह ही ले आता हूँ!" असं म्हणून प्रफुल्ल शीळ घालत मरोद्याला आला. घरात महालक्ष्म्या नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. ज्येष्ठा, कनिष्ठा, दोघींची बाळं, वर मखर, समोर फराळाची आरास.

"मामाजी, मेडलं काढा!"

"काढा म्हंजे? ते त ज्येष्ठेच्या गळ्यात हायेत."

प्रफुल्लने वळून पाहिलं. हिरवा शालू, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, आणि त्यांच्या मधोमध लाल दोऱ्यात ओवलेली रामाजींची मेडलं! लग्न झाल्यापासून तो दरवर्षी इथे हात जोडत होता. पण हात जोडताना त्याचं सगळं लक्ष पुरणाच्या वासाकडे असायचं.

"लगीन होऊन आली तवा घरात सोनं कुठं व्हतं?" सासूबाई हिराबाई सहज म्हणाल्या. "महालक्ष्मीच्या गळ्यात का रिकामा दोरा घालाव? मंग आमच्या यायची मेडलं घातली. तिले आवडली. दरसाल घालून राहिली मी."

"मामी, एका घंट्यासाठी काढा. लगेच वापस घालू."

"उभ्या महालक्ष्मीच्या आंगावरचा दागिना काढाव? विसर्जनाच्या आधी? जावाईबापू, तुमाले भूक लागली हाय. बसा, ताट करते."

प्रफुल्लने मोठ्या आशेने सासऱ्यांकडे पाहिलं. रामाजी फाटकाकडे बघत होते. "राहू द्या जी," ते हळूच म्हणाले. "मेडल नाई चढलं त नाई चढलं. तिच्या गळ्यातलं काढायचं नाई." एवढं बोलून ते खुर्ची आत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पूजन. फर्स्ट शिफ्टमधूनच त्याने साहेबांना फोन लावला. कॅप्टनसमोर महालक्ष्मीचं नाव काढायला त्याची जीभ रेटेना, म्हणून त्याने गोष्ट जरा आडवळणाने सांगितली.

"साहब, मेडल तो मिल गए. पर जिनके पास हैं, वो कल से पहले नहीं देंगी."

"कौन हैं वो?"

"घर की बड़ी हैं, साहब. गले में पहन के खड़ी हैं. उतारने की किसी की हिम्मत नहीं. सास-ससुर दोनों डरते हैं उनसे."

यातला शब्दन् शब्द खरा होता, हेच तर दुर्दैव!

"फ़ौजी का मेडल? पहन के खड़ी है?" फोन तापला. "पता बोलो!"

प्रफुल्लला वाटलं, साहेब स्वतः बघायला येतात, काम झालं! त्याने पत्ता दिला, वर जेवणाचं आमंत्रणही दिलं. पण तेवढ्यात शेजारून मालगाडी धडधडत गेली आणि आमंत्रण तिच्यासोबतच गेलं.

दुपारी घर नुसतं गजबजलं होतं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, शेजारपाजाऱ्यांची पंगत. पंगतीत बळीरामही होता, कारण महालक्ष्मीच्या जेवणातून शेजाऱ्याला वगळायची हिराबाईंची छाती नव्हती. रामाजी खाली मान घालून आंबील वाढत होते.

आणि दारात जीप थांबली. पुढे सुशील साहेब, मागे रंभा नावाची धिप्पाड महिला पोलीस शिपाई!

"कहाँ है वो औरत?"

पंगतीतले घास हवेत थांबले. जयाने नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तो खांबाआड सरकला.

"बोलो, कहाँ है?"

प्रफुल्लने खांबाआडूनच बोट दाखवलं. "वो... वो रहीं, साहब."

साहेबांनी पाहिलं. रंभानेही पाहिलं, आणि ती कारवाई सोडून बूट काढायला बाहेर पळाली! साहेबांनी आधी टोपी काढली. मग बूट काढले. मग दात-ओठ खात कुजबुजले, "पहले नहीं बता सकते थे?"

"साहब, आपने पता माँगा, मैंने पता दिया!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. "नंबर देखे बिना मैं साइन नहीं कर सकता, माताजी."

"पाहाले कोन नाई म्हनते?" हिराबाई म्हणाल्या. "काढता येत नाई, पाहाता येते. हात-पाय धुवून या. मी धरते, तुमी वाचा."

झालं! साहेब चौरंगापुढे गुडघ्यांवर बसले. हिराबाईंनी दोन बोटांत मेडल धरलं, जयाने मोबाइलची बॅटरी लावली आणि साहेब मान वाकडी करून कडेवरचं वाचू लागले. दरवर्षीच्या पूजेचं कुंकू त्या कोरलेल्या अक्षरांत इतकं मुरलं होतं की एकेक आकडा लालभडक उठून दिसत होता. ऑफिसातल्या कुठल्याही शिक्क्यापेक्षा स्वच्छ!

साहेबांनी आपल्या त्या आवाजात एकेक आकडा वाचला. शेवटी नाव आलं.

"सिपाही रामाजी भोयर!"

"हाज़िर, साहब!"

आंबिलीचं भांडं हातात, छाती पुढे, टाचा जुळलेल्या. पंच्याहत्तरीचे रामाजी पंगतीच्या मधोमध ताठ उभे होते!

साहेब उठले आणि अनवाणी पायांनी त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. हिराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बळीराम ताटावरून ताडकन उठला आणि त्यानेही खरकट्या हातानेच सॅल्यूट मारला. कपाळावरून नाकापर्यंत आंबील! तशाच अवतारात तो म्हणाला, "चुकलं गा रामाजी. माही जीभ लय चालते." रामाजींनी हातातलं भांडं कलतं केलं. "बस, जेव. अजून घे."

साहेबांनी सही तिथेच केली आणि मग मांडी ठोकून पोळ्या मागून मागून खाल्ल्या. रंभाने तर घरी न्यायला डबाही भरून घेतला.

नोंद चढून कागद हातात यायला हिवाळा उजाडला. सव्वीस जानेवारीला मंडळाने मैदानावर झेंडा फडकवला, आणि माइकवर नाव आलं ते "पूर्वी स्टार, संग्राम मेडल" अशा थाटात, की रामाजींच्या कोटावर ती मेडलं आपणहून हलली असावीत! मैदान टाळ्यांनी दणाणलं. सगळ्यात मोठ्याने बळीराम वाजवत होता.

रामाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी हिराबाईंचं नाव घेतलं, साहेबांचं घेतलं, महालक्ष्मीला हात जोडले. खाली पहिल्या रांगेत प्रफुल्लने केसांवरून हात फिरवला, शर्ट खाली ओढला आणि उभं राहायच्या तयारीत खुर्चीच्या टोकाशी आला.

"आनं आमचे जावाईबापू," रामाजी माइकमध्ये म्हणाले. प्रफुल्ल उठलाच! "त्यायनं गाडी गेटच्या आडवी लावली हाय. लोकायले बाहेर निंघता येऊन नाई राहिलं. बापू, तेवढी हटवा जी!"

टाळ्या पुन्हा कडाडल्या. प्रफुल्लने त्या आपल्याच समजून सगळीकडे वाकून नमस्कार केला आणि चावी शोधत गेटकडे पळाला.