बिनसाखरेचं स्वादुपिंड

फ्रिजमधल्या डब्यात पिवळसर, लांबट वडी दिसली आणि अंबरपेठच्या नामदेवरावांचं मन चळलं. मधुमेह झाल्यापासून घरात त्यांच्यावर सक्त पहारा होता. त्यांनी हळूच तुकडा तोंडात टाकला. साखरेचा पत्ता नाही! बिनसाखरेची, म्हणजे आपल्यासाठीच केलेली. त्यांना गहिवरून आलं आणि त्या भरात त्यांनी डबा साफ केला.

"भामा, चायना ग्रासची वडी मस्त झाली होती हं!"

"कुठली वडी?"

"फ्रिजमधली. फिक्की, पण माझ्यासाठी केलीस ना!"

भामाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, ते योगिनीचं स्वादुपिंड होतं!"

सून योगिनी सर्जन. पोटाच्या अवघड शस्त्रक्रियांच्या सरावासाठी तिनं प्लास्टिकच्या टबात अख्खं पोट उभं केलं होतं. रबरी नळ्यांची आतडी, स्पंजचं यकृत आणि चायना ग्रासचं स्वादुपिंड. आज दुपारी मोठ्या सरांसमोर त्याला टाके घालून दाखवायचे होते. जमलं तर सर तिला आपल्या टीममध्ये घेणार होते. त्यासाठी पोरगी वर्षभर राबली होती.

"स्वतःचं चालेना म्हणून सुनेचं खाल्लंत!"

"परेशान नको होऊस. ती झोपलीय तोवर दुसरं करू," नामदेवराव म्हणाले आणि चायना ग्रासचं पाकीट शोधू लागले.

भामाबाईंनी चायना ग्रास शिजवलं, पिवळा रंग घातला, थाळीत ओतून गोठवलं. नामदेवरावांनी आठवून आठवून आकार कोरला.

"जरा मऊ झालं काय की. तुम्ही खाल्लं ते कसं होतं?"

"चांगलं होतं."

योगिनी उठली, डबा उचलला, सासूच्या हातचं दही-साखर खाऊन निघाली. नामदेवरावांना तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी ती आली ती गंभीर चेहऱ्यानं. "बाबा, सरांनी विचारलं, या पेशंटला वेलदोडा कुणी खायला घातला?"

"हात सवयीनं गेला गं," भामाबाई पुटपुटल्या.

"चूक माझी, बेटा. मीच खाल्लं," नामदेवरावांनी मान खाली घातली. "सर नाही म्हणाले ना?"

"माझं कडक झालं होतं, बाबा. हे इतकं मऊ, की धागा जरा जोरात ओढला की फाटणार. अगदी खऱ्यासारखं! तरी माझे टाके टिकले. सरांनी घेतलं मला!"

नामदेवरावांचे डोळे भरून आले.

"आई, सरांच्या कार्यशाळेसाठी अशी आणखी हवीत. वेलदोडा मात्र नक्को! आणि बाबा, बोट पुढे करा. शुगर बघू."

"अगं, पण त्यात साखर नव्हती!"

"ते तुम्हाला तोंडात टाकल्यावर कळलं ना?"

नामदेवरावांनी मुकाट्यानं बोट पुढे केलं.