मेट्रनबाई थडग्यात अडकल्या त्याची गोष्ट

प्लास्टर निघायला अजून चार आठवडे होते आणि मेट्रनबाईंनी तेवढ्यात घराचा वॉर्ड करून टाकला होता. सकाळी सातला चादर बदलायची, आठला न्याहारी, नऊला खिडकी उघडायची, दहाला बंद करायची. एकतीस वर्षं सर्जरीचा वॉर्ड सांभाळलेली बाई. पासष्टी गाठल्यावर स्टुलावर चढून पंखा पुसायला गेल्या आणि नडगीचं हाड मोडून बसल्या. आता हुकूम सोडायला एकुलती एक लेक तेवढी उरली होती, आणि तीही दिवसभर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला.

त्या मंगळवारी कामावर निघताना लेकीने आपला लॅपटॉप आईच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"इजिप्त."

"मला कुठे जायचं नाहीये."

"जायचं नाहीच. बसल्या जागी बघायचं. राजांची थडगी, देवळं, सगळं आतून. हा जमिनीवर पांढरा गोल दिसतोय ना? त्यावर टिचकी मारली की एक पाऊल पुढे. हे असं ओढलं की मान वळते."

"आणि बाहेर कसं यायचं?"

"गेलीस तशीच!" लेक जिन्यावरून ओरडली. तिची बस सुटत होती.

मेट्रनबाईंनी आधी तो लॅपटॉप ओल्या फडक्याने पुसून घेतला. मग नाइलाजाने एका गोलावर टिचकी मारली. साडेअकरापर्यंत त्या एका देवळात होत्या. खांब इतके जाड, की सगळा वॉर्ड हातात हात धरून उभा केला तरी एकाला वेढा पडला नसता. बाराला त्यांनी जेवणाचा डबा उघडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो निवत ठेवून पुढच्या गोलावर टिचकी मारली.

दुपारी दीडला त्या एका राजाच्या थडग्यात उतरल्या. उतरती वाट, पायऱ्या, पुन्हा वाट. भिंतींवर निळ्या-पिवळ्या रंगांत माणसं एकामागे एक उभी, ओपीडीच्या रांगेत असावीत तशी, फक्त गडबड न करता. छतावर चांदण्या. वाटेत एका गोलाला हात लागला आणि शेजारी ममीचं चित्र उघडलं. मेट्रनबाईंनी चष्मा वर सरकवून ते निरखलं.

"याला म्हणतात बँडेज," त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या. "तीन हजार वर्षं झाली, एक टोक सुटलेलं नाही."

शेवटच्या दालनात मधोमध दगडी पेटी होती. मेट्रनबाईंनी ती जवळून न्याहाळली आणि परत निघायला मान वळवली, तर जमिनीवर एकही गोल नाही. इकडे ओढलं, भिंत. तिकडे ओढलं, भिंत. जोरात ओढलं तर छत आणि जमीन गरगरायला लागली. त्यातच पडद्याच्या कोपऱ्यात तांबडी खूण आली: बॅटरी, अकरा टक्के. चार्जर पलीकडच्या खोलीत. चालायची काठी लेकीने केर काढताना दाराशी टेकवलेली, ती तिथेच.

लॅपटॉप मिटला असता तर प्रश्न मिटला असता. पण डिस्चार्ज झाल्याशिवाय वॉर्डाबाहेर पडणाऱ्या पेशंटांवर मेट्रनबाईंनी उभी हयात डाफरण्यात घालवली होती. राजाच्या घरी जाऊन असं मधूनच नाहीसं व्हायचं? शिवाय आपण आत असताना बॅटरी संपली, तर पुन्हा चालू केल्यावर आपण कुठे असू, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लेकीला फोन लावला. तो बंद. निर्जंतुक खोलीत फोन नेत नाहीत. मग त्यांनी प्रयोगशाळेच्या ऑफिसचा नंबर लावला.

फोन कारकुनाने उचलला. सज्जन, टापटिपीचा माणूस. ऐकलेला प्रत्येक शब्द लिहून घेणारा.

"माझ्या मुलीला निरोप द्या," मेट्रनबाई म्हणाल्या. "म्हणावं, आई थडग्यात अडकली आहे."

"क... कुठे?"

"थडग्यात. कान दुखतोय का तुमचा? पायऱ्या उतरून आत आले, आता बाहेरची वाट सापडत नाहीये. आणि बॅटरी अकरा टक्के उरलीय."

"सोबत कोणी आहे का, बाई?"

"राजा आहे."

"मग राजाभाऊंना द्या ना फोन!"

"अहो, तो मेलाय."

कारकुनाच्या हातातलं पेन खाली पडलं. "तुम्ही... तुम्ही स्वतः बऱ्या आहात ना?"

"पाय मोडलाय. नीट लिहून घ्या," मेट्रनबाई म्हणाल्या आणि सवयीप्रमाणे निरोपाचा शब्द न बोलता त्यांनी फोन ठेवला. वर मोबाइल उशीखाली सरकवला, कारण विश्रांतीच्या वेळी फोन वाजलेला त्यांना खपत नसे.

पुढचं सगळं त्यांना नंतर कळलं. कारकुनाने एकदा निर्जंतुक खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते दार नमुने संपेपर्यंत उघडत नसे, तशी पाटीच होती. एकदा त्याने कागदाकडे पाहिलं. मग त्याने मन घट्ट करून अग्निशमन दलाला फोन लावला. गावाबाहेर जुनी दफनभूमी होती, तिथे गाडी गेली. जवानांनी थडग्याथडग्यापाशी वाकून हाका मारल्या, "बाई, आवाज द्या!" तिथला रखवालदार चिडला. "बावीस वर्षं इथे आहे," तो म्हणाला, "अजून कोणी आवाज दिलेला नाही."

कारकून इतक्यावर थांबणारा नव्हता. त्याने लेकीची फाइल काढली. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, त्या रकान्यात पहिलं नाव आईचं, म्हणजे जी थडग्यात होती तिचंच. दुसरं नाव होतं मावशीचं.

मावशी म्हणजे मेट्रनबाईंची धाकटी बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. या दोघींत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. तिचं ऑपरेशन थोरलीच्याच वॉर्डात झालं होतं. आदल्या संध्याकाळी ती घाबरून नवऱ्याचा हात धरून बसली होती. बरोबर सहाला मेट्रनबाई आल्या आणि म्हणाल्या, "वेळ संपली. नातेवाइकांनी बाहेर." स्वतःच्या मेव्हण्याला त्यांनी दारापर्यंत पोचवलं आणि दार लावलं. ऑपरेशन झकास झालं. बोलणं मात्र बंद पडलं ते पडलंच.

"तुमच्या ताई थडग्यात आहेत," कारकून या मावशीला म्हणाला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कधी नेलं?" मावशीने विचारलं. "आणि मला एका शब्दाने कोणी कळवलं नाही?"

इकडे दफनभूमीत काहीच हाती न लागल्यावर अग्निशमन दलाची गाडी पत्ता शोधत घराशी आली, बाईंना शेवटचं कोणी पाहिलं ते विचारायला. जवानांनी दार ठोठावलं.

"मला उठता येत नाही!" आतून आवाज आला. "मी अडकलेय!"

"साहेब," जवान खाली वाकून ओरडला, "इथे आणखी एक बाई अडकलीय!"

दोन मिनिटांत शिडी लागली. दलाचे प्रमुख स्वतः चढले. खिडकीत त्यांचं शिरस्त्राण उगवलं, तेव्हा मेट्रनबाई लॅपटॉपवर ओणव्या झाल्या होत्या. बॅटरी चार टक्के.

"खिडकी दहाला बंद होते," त्या मान वर न करता म्हणाल्या. मग वर पाहिलं. "आलाच आहात तर खिडकी ढकला आणि बूट पुसून आत या. आणि पलीकडच्या खोलीतून ती काळी वायर आणा."

प्रमुखांनी बूट पुसले. वायर आणली. आगीत शिरणारा माणूस, पण या आवाजापुढे त्याला दुसरं काही सुचलं नाही. मग त्यांनी घराचं दार उघडलं, तर दारात रडून डोळे सुजलेली, धापा टाकत मावशी उभी.

बहिणीला पलंगावर बसलेली, अंगाखांद्याने धडधाकट पाहून मावशीचं रडणं थांबलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"थडग्यात आहेस म्हणे तू!"

"आहेच," मेट्रनबाई म्हणाल्या आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. नऊ वर्षांत धाकटीचे केस पांढरे झाले होते. "हे बघ. दीड तास झाला. बाहेरची वाटच नाही."

मावशीने पडद्याकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले. मग पलंगाच्या कडेला टेकून म्हणाली, "सरक जरा. अगं, पेटीपाशी जमिनीवर गोल नाहीच. वर चांदण्यांकडे मान कर, मग हळूच मागे. तो बघ, कमानीखाली. मीपण इथेच अडकले होते."

"तू?"

"चार वेळा जाऊन आलेय. शेजारच्या राणीचं थडगं तर याहून छान आहे." मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुझ्या लेकीला हे कोणी पाठवलं असं वाटतं तुला? पाय मोडल्याचं तिनेच सांगितलं मला. म्हटलं, आपण गेलेलं चालायचं नाही, निदान इजिप्तला तरी पाठवावं."

मेट्रनबाईंनी आपणहून लॅपटॉप तिच्या मांडीवर सरकवला. हे दृश्य त्या इमारतीत कोणी पाहिलं नव्हतं.

मावशीने टिचकी मारली. कमान, वाट, पायऱ्या, पुन्हा वाट, आणि एकदम सगळ्या पडद्यावर निळंभोर आकाश आणि उन्हात तापलेली वाळू. खोलीतल्या सगळ्यांनी मिळून श्वास सोडला. दाराशी उभ्या जवानाने तर टाळी वाजवली.

"बाई, मला अहवाल द्यावा लागेल," प्रमुख डोकं खाजवत म्हणाले. "काय लिहू?"

"लिहा. वृद्ध महिला, पूर्ण शुद्धीत. सुटका तिच्या बहिणीने केली."

प्रमुखांनी तसं लिहिलं. जिन्यापर्यंत जाऊन ते परत आले आणि जरा संकोचून म्हणाले, "ते राणीचं थडगं... आमच्या आईला बघता येईल का? ती घराबाहेर पडत नाही हल्ली." मावशीने त्यांना तिथल्या तिथे मोबाइलवर लिंक पाठवली.

साडेचारला लेक धावत आली. कारकुनाचा कागद तिच्या मुठीत चुरगळला होता. दार सताड उघडं होतं. पलंगावर आई आणि मावशी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये निवलेला डबा आणि त्यात दोन चमचे.

"हळू," मावशी म्हणत होती. "राणीकडे आलोय आपण, तुझा वॉर्ड नाहीये हा."

मेट्रनबाईंनी गुपचूप हळू टिचकी मारली.

लेकीने चपला काढल्या आणि भिंतीला टेकून तशीच खाली बसली.

संध्याकाळी मावशी उठली. बसची वेळ झाली होती. दाराशी जाऊन तिने पायात चपला सरकवल्या, पट्टा लावायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"उद्या येतेस?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"किती वाजता येऊ, ते सांग."

मेट्रनबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"तुला जमेल तेव्हा," त्या म्हणाल्या. "आणि जायची घाई असेल, तर येऊच नकोस."