जुगार निर्मूलन कार्यालयाचा अभ्यासदौरा

मी जुगार निर्मूलन कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. लोकांनी जुगार खेळू नये म्हणून आमचं कार्यालय स्थापन झालं आणि लोक खेळतात म्हणून ते टिकून आहे. हे दोन्ही मुद्दे लक्षात ठेवून मी काम करतो, त्यामुळे कुठल्याच बाजूला फारसा जोर लावत नाही.

आमच्या लग्नाची पंचविशी जवळ आली तेव्हा बायकोनं आयुष्यातली पहिली मागणी केली. ती दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारायचं काम करते. तिथल्या टीव्हीवर तिनं वाळवंटातलं ते प्रसिद्ध जुगारनगर पाहिलं होतं. चहूकडे बोडकी वाळू आणि मधोमध लखलखणारी हॉटेलं. त्यातल्या एका हॉटेलात तर इमारतीच्या आतच नदी वाहते, तिच्यात होड्या चालतात आणि वर छतावर आभाळ रंगवलेलं आहे.

"पत्तेबित्ते गेले खड्ड्यात," ती म्हणाली. "मला त्या आभाळाखाली होडीत बसायचंय. तुमच्या शेजारी. इतकी वर्षं लोकांचे सुजलेले गाल बघतेय हो मी."

मला भरून आलं. मी त्याच क्षणी शब्द दिला. तिनंही त्याच क्षणी माळ्यावरची बॅग खाली काढली.

आता, कार्यालयीन कागदावर खोटं लिहायचं तर वरिष्ठांची संमती लागते आणि ती मी घेतलेली नव्हती. म्हणून रजेच्या अर्जात मी शहराचं नाव खरं लिहिलं. रजा बघणाऱ्या कारकुनानं ते वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"अहो, तुम्ही आपल्या खात्यातले ना? आणि तिथे जाणार?"

"होडीत बसायला."

"वाळवंटात?"

अर्ज अधीक्षकबाईंकडे गेला. बाई नियमाला पक्क्या; पण नियमातून वाट काढायलाही तितक्याच पक्क्या.

"मौजेसाठी आपल्या कर्मचाऱ्याला तिथे पाऊल टाकता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कर्तव्यासाठी मात्र कितीही पावलं टाकता येतात. अभ्यासदौरा म्हणा. सहकुटुंब अभ्यास करायला नियमात कुठेही बंदी नाही."

माझा जीव भांड्यात पडला. तो भांड्यात फार वेळ राहिला नाही, कारण संध्याकाळी साहेबांनी बोलावलं.

"इतक्या मोहाच्या ठिकाणी तुम्हाला एकट्याला पाठवणं मला पटत नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "तुमच्यावर देखरेख हवी. मला कसली हौस नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण जबाबदारी म्हटली की टाळता येत नाही. बरं, तिथे पोहायचा तलाव असतो का हो?"

साहेबांवर देखरेख करायला अधीक्षकबाई निघाल्या. या दोघांच्या खर्चावर लक्ष ठेवायला लेखापाल निघाले. साहेबांचा चालकही निघाला. तिथे गाडी नव्हती, पण पद मंजूर होतं आणि मंजूर पद मागे ठेवून जाणं बरं दिसत नाही. अशा रीतीनं माझ्या रजेची समिती झाली.

समितीची पहिली बैठक हॉटेल ठरवण्यासाठी होती. मी भीतभीत नदीवाल्या हॉटेलचं नाव सुचवलं. लेखापालांनी हरकत घेतली. "तिथे जुगाराची टेबलं कमी आहेत. दुष्परिणाम भरपूर बघायला मिळतील असं ठिकाण निवडा." बराच खल होऊन जिथे दुष्परिणाम सर्वांत जास्त, नाश्ता फुकट आणि तलाव गच्चीवर, असं हॉटेल एकमतानं ठरलं. नदीवाल्या हॉटेलला एक धावती भेट द्यायची, एवढं मी पदरात पाडून घेतलं.

दुसऱ्या बैठकीत खरं घोडं अडलं. जुगार कसा खेळतात हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. निदान तसं सगळ्यांनी सांगितलं. मग जे माहीत नाही त्याचं निर्मूलन कसं करणार? अधीक्षकबाईंनी प्रशिक्षणवर्ग सुचवला. सभागृहाचे पडदे ओढले, लेखनसाहित्याच्या खर्चात बसवून पत्ते आणले आणि पैशांऐवजी टाचण्या लावून खेळायला सुरुवात केली. ज्यांना खेळ ठाऊक नव्हता, त्यांच्या बोटांना तो चांगलाच ठाऊक होता. बाई पत्ते पिसत होत्या, ते बघून लेखापाल घाबरले.

तेवढ्यात आमच्याच भरारी पथकाची धाड पडली. सरकारी इमारतीत जुगार चालतो, अशी खबर त्यांना कुणीतरी दिली होती. गेल्या कित्येक वर्षांतली पथकाची ही पहिली यशस्वी धाड. पथकप्रमुख इतके हरखले की साहेबांना पकडताना त्यांनी साहेबांनाच विचारलं, "साहेब, पुढे काय करायचं असतं?"

"पुढे अभ्यासदौऱ्याला यायचं असतं," साहेब म्हणाले. पथकाचाही समितीत समावेश झाला आणि खबर देणारा कोण, हेही कळलं. तो रजेचा कारकून होता. त्यालाही घ्यावं लागलं.

आता कार्यालयात उरलं कोण? सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"कुणीतरी कार्यभार सांभाळायला हवा," साहेब मायेनं म्हणाले. "आणि तुमच्याइतका विश्वासू माणूस आहे कुठे? शिवाय दौऱ्याची कल्पना तुमचीच. तिचं श्रेय तुम्हाला इथे बसूनही मिळेल."

"पण माझी बायको..."

"छे छे, वहिनींना कसं वगळणार? ज्यानं कधी पत्त्याला हात लावला नाही, असा एक सामान्य नागरिक आम्हाला हवाच आहे. मोहाचा परिणाम कुणावर तपासायचा? आमच्या सगळ्यांच्या घरी चौकशी केली. वहिनींशिवाय एकही माणूस पात्र ठरत नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं.

"तुम्ही नाही तर मी नाही जात," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पण नुसती बॅग भरून ठेवायला काय हरकत आहे?" आणि विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तिच्या डोळ्यांवर नवा गॉगल होता.

तिकडून तिचा रोज फोन यायचा. "अहो, साहेब एकाच यंत्रासमोर बसून निरीक्षण करतायत. जेवायलासुद्धा उठत नाहीत. बाईंचं निरीक्षण बघायला तर गर्दी जमते. चालक दिवसभर तलावात असतो. आणि मी होडीत बसले हो! आभाळ अगदी खरं वाटतं. शेजारी लेखापाल होते, पण मी डोळे मिटून घेतले." मी रिकाम्या कार्यालयात एकटाच फोन कानाला लावून हसलो आणि थोडा रडलोही. होडीतल्या माझ्या जागेवर एक लेखापाल बसला होता, हे दुःख कुठल्या फायलीत लावायचं?

परत आल्यावर समितीनं एकमतानं निष्कर्ष काढला की जुगार वाईट आहे. उपाय म्हणून प्रत्येक नागरिकानं आमच्या कार्यालयात येऊन 'मी आयुष्यात कधीही जुगार खेळणार नाही' अशी लेखी शपथ घ्यावी, असं जाहीर झालं. शपथा घेण्यासाठी एक खिडकी उघडली आणि तिथे मला बसवलं.

कुणी फिरकलंच नाही. एक गृहस्थ आले, त्यांना स्वच्छतागृह हवं होतं.

साहेबांनी तातडीची बैठक घेतली. लोकांना चांगुलपणाची गोडी लागायची तर थोडं प्रोत्साहन लागतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. म्हणून शपथ घेणाऱ्यांची सोडत काढायचं ठरलं. एक नाव निघणार आणि त्या भाग्यवंताला जोडीनं त्याच वाळवंटातल्या शहराची सहल, नदीवाल्या हॉटेलातला मुक्काम आणि होडीची फेरी, सगळं फुकट. नियम एकच: आमच्या कार्यालयातल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना भाग घेता येणार नाही. तो नियम माझ्याच हस्ताक्षरात खिडकीवर लावलाय.

जाहिरात आली त्या सकाळपासून रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली आहे. शाळामास्तर आहेत, डॉक्टर आहेत, जुगाराविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रं लिहिणारे ज्येष्ठ नागरिक आहेत. सगळे घामाघूम, पण चेहऱ्यावर निग्रह.

परवा तुम्हीही आला होतात. मी तुम्हाला लगेच ओळखलं. आयुष्यभर जुगार न खेळण्याच्या शपथेखाली तुम्ही ठसठशीत सही केलीत, इकडेतिकडे पाहिलंत आणि खिडकीत डोकं घालून हळूच विचारलंत, "काय हो, घरातल्या प्रत्येकाच्या नावानं शपथ घेतली, तर चान्स वाढतो का?"

वाढतो, असं मी म्हणालो. तुम्ही लगेच आणखी चार शपथा घेतल्यात.