रक्ताचं म्हणणं

आठ वर्षांच्या मुलीच्या पोटात उजव्या बाजूला खाली दुखत होतं. ती वाकून चालत होती आणि सकाळपासून तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. बाबांनी तिला मुद्दाम या हॉस्पिटलात आणलं, कारण ते अद्ययावत होतं. रुग्णाच्या अंगाला हात लावून निदान करायची जुनाट पद्धत इथे केव्हाच मोडीत काढली होती. असलं काही शास्त्रशुद्ध दिसलं की बाबांचा ऊर भरून येई.

डॉक्टरांनी खिशातले हात बाहेर न काढता रक्त तपासायला सांगितलं. यथावकाश रिपोर्ट आला.

"अभिनंदन! रक्त अगदी नॉर्मल आहे. अपेंडिक्स वगैरे काही नाही."

"अहो, पण ती कळवळतेय," आई म्हणाली. "जरा पोट दाबून तरी बघा!"

"बाई, पोट दाबलं की पोरं काहीही सांगतात. रक्त खोटं बोलत नाही."

"ऐकलंस?" बाबा म्हणाले. "उगाच त्यांना शिकवू नकोस." आणि त्यांनी रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले.

दुपारी पोरगी ओकली, अंग तापलं. पुन्हा रक्त घेतलं. या खेपेला पांढऱ्या पेशींचा काउंट वाढलेला निघाला. आईला वाटलं, सुटलो एकदाचे, आता तरी सर्जनला बोलावतील. कसलं काय! डॉक्टर गंभीर झाले.

"पेशी रडण्यानेही वाढतात. ही रडतेय. सबब हा रिपोर्ट ग्राह्य धरता येत नाही."

"मग घ्या की परत!"

"घेऊ. आधी तिचं रडणं थांबवा."

आता ती रडत होती ती दुखतंय म्हणून. दुखतंय हे मान्य व्हायला रक्त हवं, रक्त द्यायला रडणं थांबायला हवं, आणि सुई दिसली रे दिसली की पोरगी पुन्हा भोकाड पसरायची. बाबा तिच्यापुढे उकिडवे बसून विनवत होते, "राणी, जरा वेळ गप्प बस ना गं, म्हणजे तुला खरंच दुखतंय की नाही ते कळेल."

संध्याकाळी ती एकाएकी गप्प झाली.

"शहाणं गं माझं बाळ ते!" म्हणत बाबा सुईवाल्या सिस्टरला शोधायला पळाले. डॉक्टरांनीही समाधानाने मान डोलावली. आईने मात्र पोरीच्या पोटाला हात लावून पाहिला. पोट फळीसारखं कडक लागलं. मग ती बाई व्हरांड्यात येऊन अशी काही ओरडली, की वरच्या मजल्यावरचा सर्जन धावत खाली आला. त्याने पोटावर बोटं टेकवली मात्र, त्याचा चेहराच उतरला.

"अपेंडिक्स फुटलंय हे! चला, आत घ्या हिला!"

बाबा दारात आडवे उभे राहिले. "पण साहेब, तिसरा रिपोर्ट यायचाय अजून!"

आईने त्यांना ढकललं तेव्हा कुठे स्ट्रेचर आत गेलं.

दुसऱ्या दिवशी काका, मामा, आत्या सगळे भेटायला आले. काचेपलीकडे पोरगी नळ्यांमध्ये निपचित पडली होती आणि काचेअलीकडे बाबा एकेकाला फोनवर रिपोर्ट दाखवत होते. आल्या आल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, "काउंट किती होता?" आई बाकावर बसून होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

किती होता म्हणता? सांगतो, सांगतो, तुम्हालाही आधी तेच हवं असणार. पोरीचं पुढे काय झालं, ते सवडीने विचारलंत तरी चालेल.