बकुळीच्या कचऱ्याचा खटला

चिंतामणराव पागनीसांची नोकरी बकुळीच्या फुलांनी खाल्ली, आणि तीही निवृत्ती तोंडावर आलेली असताना. इंदूरजवळच्या एका छोट्या नगर परिषदेत ते उद्यान अधीक्षक होते. रोज सकाळी इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या घरून बसने जायचं आणि उभं राहून बाग झाडून घ्यायची, हे त्यांचं काम. त्या दिवशी स्वच्छता तपासणारी टीम येणार होती, म्हणून बिचारे सगळ्यांच्या आधी पोचले. बकुळीखाली उभे राहिले, अंगावर टपटप फुलं पडायला लागली, आणि साहेबांची तंद्री लागली. झाडूवाल्या बायांनी दोनदा विचारलं, "साहेब, झाडू का?" साहेबांनी हूं की चूं केलं नाही. टीम आली तेव्हा वाटभर फुलांचा सडा, आणि मधोमध गालात हसणारे अधीक्षक!

आता इंदूरच्या आसपास स्वच्छतेचे गुण घालवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. लग्नात जेवण कमी पडलं तर लोक एक वेळ माफ करतील. पंचनामा झाला, फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत सील झाली, वर चिठ्ठी लागली 'कचरा', आणि आठवड्याच्या आत साहेब बडतर्फ. ना नोटीस, ना सुनावणी.

"अहो, पण त्या लोकांशी काहीतरी बोलायचं होतं ना तुम्ही!" त्यांच्या पत्नी वसुधाताई म्हणाल्या.

"बोललो की. म्हटलं, जरा वास घेऊन बघा."

"धन्य आहे तुमची!"

नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या दुकानात कोणीतरी हाक मारली, "क्यों भिया, आज झाडू लगी के नहीं?" आणि सगळे हसले. ते मात्र चिंतामणरावांच्या फार जिव्हारी लागलं. जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस, आणि गल्लीत नाव पडलं 'कचरेवाले साहेब'. त्यांनी पोहे खायला जाणंच सोडलं.

शेवटी वकील पुतण्या, अश्विन, धावून आला. त्याने कोर्टात अर्ज टाकला. "काका, टेंशन नका घेऊ. बिना सुनवाई काढलंय, म्हणजे केस आपलीच. फक्त जज साहेबांनी विचारलं तर तंद्री-बिंद्री बोलायचं नाही. बोलायचं, फूल कचरा नसतं, म्हणून मी जानबूझके झाडू दिलं नाही. उसूल की बात!"

"पण तसं नव्हतं रे. मी आपला बघत राहिलो."

"काका, प्लीज!"

तारखेच्या दिवशी वसुधाताई मुद्दाम नवऱ्याला खेटून बसल्या. कोर्टातच यांची तंद्री लागली तर सगळंच मुसळ केरात. लागलीच तर चिमटा काढायचा, असं ठरलं होतं.

नगर परिषदेचे वकील देवेंद्रजी यांनी मोठ्या ऐटीत ती पिशवी टेबलावर ठेवली. "माय लॉर्ड, ये रहा कचरा."

"है क्या इसमें? खोलिए," जजसाहेब म्हणाले.

सील तुटलं. फुलं सुकून तपकिरी झाली होती, पण बकुळच ती, सुकली म्हणून वास थोडाच सोडते! पंख्याच्या वाऱ्याबरोबर तो वास हळूहळू खोलीभर पसरला.

जजसाहेबांनी चष्मा काढला आणि छताकडे बघत राहिले. देवेंद्रजी म्हणाले, "माय लॉर्ड, हमारी नानी के आँगन में..." आणि पुढचं विसरले. टायपिस्टचे हात थांबले. अश्विन फाईल उघडी टाकून खिडकीबाहेर बघत बसला. कोणी खोकलं नाही, कोणी कागद हलवला नाही. सगळं कोर्ट कुठल्या कुठे जाऊन बसलं होतं.

जागे होते एकटे चिंतामणराव. त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे. जेवणाची सुट्टी झाली की पुढची तारीख पडणार, आणि तोवर पुन्हा तोंड लपवून फिरायचं! त्यांनी घाबरून बायकोला चिमटा काढला.

"थांबा ना जरा," वसुधाताई डोळे न उघडताच पुटपुटल्या.

आता काय करावं माणसानं? चिंतामणराव स्वतःच उभे राहिले. "साहब, वो मेरा फैसला रह गया."

जजसाहेब दचकले. घाईघाईने चष्मा चढवून त्यांनी करड्या आवाजात विचारलं, "हाँ, तो निरीक्षण के समय आप क्या कर रहे थे?"

अश्विन दचकून उठला आणि खाणाखुणा करायला लागला. चिंतामणरावांना पाठ केलेलं वाक्य काही केल्या आठवेना.

"यही, साहब," ते हात जोडून म्हणाले. "जो अभी आप सब कर रहे थे."

अश्विनने कपाळाला हात लावला. जजसाहेबांनी देवेंद्रजींकडे पाहिलं, देवेंद्रजींनी मान खाली घातली, आणि जजसाहेबांनी टायपिस्टला आदेश सांगायला सुरुवात केली. बिना सुनवाई काढलं म्हणून बडतर्फी रद्द, अधीक्षकांना कामावर परत घ्या. चिंतामणरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

देवेंद्रजी मुकाट्याने पिशवी उचलायला पुढे झाले. जजसाहेबांनी हलकेच तिच्यावर हात ठेवला.

"ये रहने दीजिए," ते म्हणाले. "अगले आदेश तक कचरा कोर्ट में जमा रहेगा."