सतरा जणांचा एकच नंबर

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सिद्धलिंगप्पा माशाळे यांच्या नव्या कोऱ्या मोबाईलनं पडद्यावर 'सिम कार्ड नाही' असं जाहीर केलं, आणि सिद्धलिंगप्पांना आपलंच नाव मतदारयादीतून गळल्यासारखं झालं.

जुळे सोलापुरातल्या इतर कुठल्याही फ्लॅटमध्ये ही किरकोळ घटना ठरली असती. पण सिद्धलिंगप्पांचा नंबर एकट्या सिद्धलिंगप्पांचा नव्हता. अक्कलकोटच्या पुढं, जिथं माणसं मराठीत सुरू केलेलं भांडण कन्नडमध्ये मिटवतात, तिथं त्यांचं गाव होतं. गावात माशाळ्यांची चार घरं, बहिणींची दोन. या सहा घरांतल्या सतरा माणसांनी, आयुष्यात जिथं जिथं 'मोबाईल क्रमांक' असा रकाना समोर आला, तिथं तिथं डोळे झाकून सिद्धलिंगप्पांचा नंबर टाकला होता. कारण सिद्धलिंगप्पा शिकलेले होते, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि मुख्य म्हणजे फोन उचलत होते.

गेली सात वर्षं चुलत्याचा गॅस, भावजयीचं रेशन, पुतण्याची परीक्षा आणि मेव्हण्याचा पीकविमा या सगळ्यांची वाट सिद्धलिंगप्पांच्या शर्टाच्या खिशातून जात होती. कचेरीत साहेबांची मीटिंग चालू असताना ते मध्येच हात वर करत. "एक मिनिट सर, गावाकडचा ओटीपी आहे." साहेब थांबत. साहेबांना थांबवणारा त्या कचेरीत दुसरा माणूस नव्हता. "वैताग आहे नुसता," असं सिद्धलिंगप्पा सगळ्यांना सांगत. पंगतीत आग्रह झाल्यावर जावई जितपत वैतागतो, तितपतच तो वैताग होता.

पडद्याकडं बघत असतानाच दाक्षायणीबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो नवऱ्याच्या हातात दिला. "तुमच्या अक्का."

"तम्मा, सिद्धीचा ओटीपी आला का रे?" थोरल्या बहीण मल्लव्वाअक्का गावातून बोलत होत्या, मधे फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "नर्सिंगचा नंबर लागलाय की तिचा, सोलापुरातच! आज पाचपातूर सीट पक्की करा म्हनत्यात. न्हाय केली तर दुसरीला देत्यात म्हनं. आमी हितं सेंटरवर बसलोय. तीन डाव दाबलं पोरीनं."

सिद्धेश्वरी ही त्यांची भाची. माशाळ्यांच्या गोतावळ्यातली बारावीपुढं जाणारी पहिली मुलगी.

"येईल अक्का. जरा रेंजचं आहे. पाचच्या आत आकडा तुझ्या हातात!" असं म्हणून सिद्धलिंगप्पांनी फोन ठेवला आणि पक्कड शोधायला घेतली.

बिघाडाचं मूळ रविवारी होतं. त्यांचं सिम २००७ सालचं, जुन्या मापाचं, जाड. कंपनीनं तीन वेळा कळवलं होतं की बदलून लहान घ्या. पण सिम बदललं की नंबर बदलतो, अशी सिद्धलिंगप्पांची खात्री होती, आणि सतरा माणसांची जबाबदारी असलेल्या माणसानं असला धोका पत्करू नये, असं त्यांना वाटत होतं. म्हणून रविवारी नवा फोन आल्यावर त्यांनी ते सिम घरीच कापलं. अडकित्त्यानं. सुपारी इतकी रेखीव कापलेली दाक्षायणीबाईंनी कधी पाहिली नव्हती.

नंतर पूजा. माशाळ्यांच्या घरात मिक्सर असो की स्कूटर, विभूती लावल्याशिवाय वस्तू वापरात येत नसे. दाक्षायणीबाई फोनच्या पाठीवर बोट टेकवणार, तेवढ्यात सिद्धलिंगप्पा म्हणाले, "पाठीला कशाला? आत लाव. खरं काम आतच चालतं." सिमच्या इवल्या ट्रेवर तीन बोटं मावेनात, म्हणून एकाच बोटानं, पण भरपूर, विभूती लावण्यात आली.

फोननं ही श्रद्धा चार दिवस सोसली होती.

पकडीनं ट्रे बाहेर आला. सिम आतच राहिलं.

"अहो, तेवढं सिम माझ्या फोनमध्ये घालून बघा की," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

"अगं, आधी ते बाहेर तर येऊ दे!"

"मग ओढा."

"ओढूनच आत गेलंय!"

हे कसं झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पायात चपला सरकवून ते निघाले.

सिमकंपनीच्या गाळ्यात वैष्णवी नावाची मुलगी काउंटरवर होती. तिनं हसून सांगितलं, "काही प्रॉब्लेम नाही सर. नवीन सिम देते, नंबर तोच राहील."

"तोच राहतो?" सिद्धलिंगप्पांनी विचारलं. अठरा वर्षांची खात्री अशी एका वाक्यात गेली.

"तोच. फक्त चोवीस तास एसएमएस येणार नाहीत. सुरक्षेसाठी."

"कुणाच्या?"

"तुमच्या, सर."

"मला काही धोका नाही. माझ्या भाचीला आहे. पाच वाजता."

"मग सर, ते जुनंच सिम चालू करून घ्या कुठूनतरी," वैष्णवी म्हणाली आणि तिनं टोकन पुकारलं.

सात रस्त्याजवळ 'युवराज मोबाईल' नावाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग, एक दिवा आणि मागं मंगळवेढ्याचा युवराज. समोर बाकावर सात माणसं आपापले आजारी फोन हातात धरून बसली होती. सिद्धलिंगप्पा सरळ टेबलाकडं गेले. कचेरीत त्यांना रांग माहीत होती, पण ती नेहमी समोरून.

"हेडक्लार्क माशाळे," ते म्हणाले.

"बसा काका, आठवा नंबर," युवराज मान वर न करता म्हणाला.

'काका' हे 'साहेब'च्या जागी आलेलं पाहून सिद्धलिंगप्पा दुखावले, पण घड्याळात पावणेबारा वाजले होते. त्यांनी भाचीची, सीटची आणि पाच वाजण्याची हकिकत बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. बाकावर पहिल्याच नंबरला बजाबाई नावाच्या भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या.

"पोरीच्या शिक्षणाचं हाय व्हय? घे रं त्यांचं आदी," त्या युवराजला म्हणाल्या. "माझी नुसती काच फुटलीया. फोन लागतोय." बाकीच्या सहांनी नाइलाजानं माना हलवल्या.

युवराजनं मागचं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि दिवा जवळ ओढला.

"काका, ह्यात काय घातलंय?"

"सिम."

"त्ये न्हाय ओ. ही राख कसली?"

"राख नाही. विभूती आहे."

युवराजनं चिमटा खाली ठेवला, फोनला हात जोडले आणि चिमटा पुन्हा उचलला. थोड्या वेळानं त्यानं सिमचा एक कोपरा वर काढला.

"आन हे कशानं कापलंय?"

सिद्धलिंगप्पा चष्मा पुसू लागले. "मशीननं."

"कसल्या मशीननं?"

"घरगुती."

"काका, सिम जिथं बसतंय त्या रीडरला सहा पिना असत्यात. तुमच्या चार आडव्या झोपल्यात, एक तुटून गेलीया. एक उभी हाय, ती बी भिंतीला टेकून. रीडरच बदलायला लागतोय. बोर्ड तापवायचं, जुना काढायचा, नवा डकवायचा."

"मग डकव की."

"ह्या मॉडेलचा न्हाय माझ्याकडं. बघतो कुटं मिळतोय का."

युवराज स्कूटरवर बसून गेला. बाकावरच्या सहा जणांनी सिद्धलिंगप्पांकडं असं पाहिलं, की त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

"पोरीला फोन तरी करा की," बजाबाई म्हणाल्या. "काळजी करत आसंल. हा घ्या माझा."

सिद्धलिंगप्पांनी फुटक्या काचेचा फोन घेतला, बोट उचललं आणि ते बोट हवेतच राहिलं. सतराही माणसांना त्यांचा नंबर तोंडपाठ होता. त्यांना एकाचाही पाठ नव्हता. भाचीचा नाही, अक्काचा नाही, चोवीस वर्षं संसार केलेल्या दाक्षायणीचाही नाही. जगात त्यांना एकच नंबर येत होता. बजाबाई बघत होत्या, म्हणून त्यांनी तोच लावला. 'आपण ज्या ग्राहकाशी संपर्क साधू इच्छिता...' बाई बोलू लागली.

"काय म्हनती पोरगी?" बजाबाईंनी विचारलं.

"बाहेर आहे म्हणते."

युवराज दोन वाजता परत आला. रीडर कुठंच मिळाला नव्हता. पण येताना त्याला आठवलं होतं, की गेल्या पावसाळ्यात विहिरीत पडलेला याच मॉडेलचा एक फोन खालच्या खणात आहे. त्या मृताचा रीडर काढण्यात तास गेला, तो जिवंताला बसवण्यात दीड. मधे एकदा युवराज "अरारारा" म्हणाला. सिद्धलिंगप्पा बाकावरून उठले. पण ते दुसऱ्याच कशाबद्दल होतं. या अडीच तासांत त्यांनी भाचीला पुढच्या वर्षी कुठं प्रवेश मिळेल याचा विचार केला, अक्का गावभर काय सांगेल याचा विचार केला, आणि अक्काचा विचार जास्त वेळ चालला.

चार वाजून अडतीस मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात रेंजच्या चार काड्या उभ्या राहिल्या.

"बघा!" युवराज म्हणाला, आणि फोन ओरडू लागला. टिंग, टिंग, टिंगटिंगटिंग. फोन टेबलावर थरथरत गोल फिरला. एकतीस मेसेज. गॅस, रेशन, परीक्षा, विमा. प्रत्येकाच्या शेवटी तीच ताकीद होती, की हा आकडा कोणालाही सांगू नका. सात वर्षांत सिद्धलिंगप्पांनी ती ओळ कधी वाचली नव्हती. आकडा सांगण्याच्या घाईत राहून गेलं होतं.

नर्सिंगचा मेसेज सापडला. त्यांनी भाचीला फोन लावला. बाक उठून उभा राहिला.

"सिद्धी, लिहून घे!"

"मामा—"

"आधी लिही! वेळ नाही! चार, आठ, शून्य, दोन, सात, एक. वाच परत."

सिद्धेश्वरीनं शांतपणे वाचून दाखवलं. मामांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती.

"टाकलास?"

"मामा, सीट सकाळी साडेनऊलाच पक्की झाली."

"कशी झाली? ओटीपी तर माझ्याकडं आहे!"

"तिथं खाली 'क्रमांक बदला' असं होतं की. ते दाबलं, माझा नंबर टाकला, मला आला."

सिद्धलिंगप्पा बाकावर बसले. "मग मला सांगितलं नाहीस?"

"कुटं सांगू? तुमचा फोन बंद. मामींना सांगितलं, त्या म्हणाल्या, घराबाहेर पडलेत, कुठं गेलेत ते त्यांचं त्यांनाच ठाऊक."

"बरं झालं," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "बरं झालं. आता बाकीच्यांचे सांगतो. चुलत्यांचा गॅसचा—"

"ते बी झालं, मामा. मी हितं सेंटरवर बसलेच होते, तर एकेक जण आला. आईचं रेशन, आज्जीचं, शिवलिंगप्पा काकांचा विमा, सगळ्यांचे नंबर बदलून दिले. ज्याचा त्याला टाकला. फोन तर सगळ्यांकडंच हायत की. चारपाच राहिलेत, ते सोमवारी करते." आणि मग तिनं अगदी मनापासून म्हटलं, "तुम्हाला किती वर्षं तरास दिला आमी सगळ्यांनी. आता तुमी निवांत ऱ्हावा, मामा."

मागून अक्काचा आवाज आला, "तम्मा, लई हुशार निघाली रे पोरगी!"

"झालं का पोरीचं?" बजाबाईंनी विचारलं.

"झालं," सिद्धलिंगप्पा म्हणाले. बाकानं टाळ्या वाजवल्या. बजाबाईंनी पिशवीतून काढून त्यांच्या हातावर दोन पेरू ठेवले.

पुढच्या आठवड्यात सिद्धलिंगप्पा निवांत होते. मंगळवारी मीटिंगमध्ये त्यांचा फोन वाजला तेव्हा सवयीनं हात वर गेला. "एक मिनिट सर." साहेब थांबले. मेसेज असा होता, की तुमचा आजचा अर्धा डेटा संपला आहे. त्यांनी तो दोनदा वाचला, गंभीरपणे मान हलवली आणि "चालू द्या," म्हणाले.

शुक्रवारी ते पुन्हा युवराजच्या बाकावर बसले. या वेळी त्यांनी आपला नंबर येईपर्यंत वाट पाहिली.

"तू बसवलेला रीडर नीट चालत नाही," ते म्हणाले. "ओटीपी येतच नाहीत."

युवराजनं स्वतःच्या फोनवरून एक मेसेज पाठवला. टिंग.

"आला की, काका."

"तो तू पाठवलास म्हणून."

"पाठवल्याबिगर कसा येईल?"

"आत उघडून बघ. विहिरीतला रीडर आहे. काहीतरी राहिलं असेल."

युवराजनं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि कोपरान्‌कोपरा पाहिला. गिऱ्हाइकाला काय सांगावं याचा त्यानं थोडा विचार केला, पण मंगळवेढ्याच्या माणसाला गोड बोलणं जमेना.

"सहाच्या सहा पिना उभ्या हायत, काका. येनारंच कोन न्हाय."

सिद्धलिंगप्पांनी फोन घेऊन त्याचा पडदा शर्टाला पुसला. मग हळूच म्हणाले, "अजून एक पाठव. या वेळी आकडे घालून पाठव."